चित्रातले चेहरे बदलून भागत नाही

अमेरिकेतल्या शाळांमध्ये मुलांनी सिगारेटला हात लावू नये म्हणून काय काय केलं जातं, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. ‘अल्पसंख्याक समाजांतल्या मुलांसाठी कार्यक्रम आखताना वेगळा विचार करावा लागतो’ असं एक वाक्य त्यात होतं. त्या वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. मी न्यू जर्सीतल्या एका काउंटीच्या आरोग्य विभागात शाळांचं काम करत निवृत्त झाले. त्यामुळे जिथे अभ्यासांचे निष्कर्ष पक्के आहेत तिथे ते देते, आणि बाकी वर्गात जे पाहिलं ते सांगते.

प्रश्न : ताई, मी ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाची आहेत. सातवीसाठी सिगारेट आणि व्हेप (ई-सिगारेट) यांच्याविरोधी कार्यक्रम बसवायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिलंय. हाताशी धड्यांचा एक तयार संच आहे. त्यातली नावं बदलून होजे, मारिया अशी केली, चित्रं बदलली आणि पालकांची पत्रं स्पॅनिशमध्ये काढली, तर पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. पण तो संच टाकूनही देऊ नका, त्याचं कारण पुढे सांगते.

नावं, चित्रं, भाषा, संगीत हा झाला वरचा थर. केन रेस्निको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हा फरक फार नेमका मांडला. वरच्या थरामुळे कार्यक्रम मुलांना आपला वाटतो, ती ऐकायला बसतात. पण वागणं बदलायचं असेल तर आतल्या थराला हात घालावा लागतो. त्या समाजातलं मूल सिगारेट का घेतं, कुणाकडून घेतं आणि नाही म्हटलं तर त्याला काय गमवावं लागतं, हा तो आतला थर.

जवळजवळ प्रत्येक तयार संचात एक नाट्यप्रवेश असतो. पार्टीत कुणी जेमतेम ओळखीचा मुलगा सिगारेट पुढे करतो आणि आपल्या मुलाने नजरेला नजर देऊन ठामपणे ‘नको’ म्हणायचं. आमच्या एका शाळेत या प्रवेशाची तालीम चालू असताना सातवीतली एक मुलगी मध्येच थांबली. म्हणाली, ‘मिस, मला बाहेरचं कुणी देतच नाही. माझा मामेभाऊ देतो.’ तिला बोलतं केलं तेव्हा सगळं चित्र समोर आलं. बहिणीच्या पंधराव्या वाढदिवसाचा मोठा समारंभ, हॉलमागचं पार्किंग, तिथे उभी असलेली भावंडं. मामेभाऊ एकोणीस वर्षांचा. तिला तिथे त्यानेच गाडीतून आणलेलं, रात्री घरीही तोच सोडणार. त्याची आई हिची धर्ममाता. त्याच्या नजरेला नजर देऊन ठाम ‘नको’ म्हणणं म्हणजे चारचौघांत त्याचा अपमान करणं. संचातलं उत्तर तिच्यासाठी अगदीच निरुपयोगी होतं.

मग मी छापलेला प्रवेश बाजूला ठेवला आणि वर्गालाच विचारलं, की या भावाला तुम्ही काय सांगाल? उत्तरं भराभर आली. ‘आई हाक मारतेय, आलोच’ म्हणून सटकायचं. ‘उद्या सॉकरची निवड आहे, दम लागेल’ असं कारण द्यायचं, कारण भावालाही आपण संघात यावं असं वाटत असतं. मागे बसलेला, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, ‘मी आजीजवळ जाऊन बसतो. तिच्यापाशी कुणी ओढत नाही.’ हे उत्तर मला कुठल्याच संचात सापडलं नसतं. नाही म्हणताना नातं तुटू न देणं, हे त्या मुलांचं खरं कौशल्य होतं आणि ते त्यांच्याकडे आधीपासून होतं.

या दिशेचं सर्वांत चांगलं काम तर तुमच्याच शहरात झालंय. १९९० च्या दशकाच्या शेवटी मायकेल हेक्ट आणि फ्लाव्हियो मार्सिलिया यांच्या गटाने फिनिक्समधल्या मुलांकडूनच त्यांचे नकाराचे प्रसंग गोळा केले. त्यातून चार वाटा निघाल्या : सरळ नकार, कारण सांगणं, प्रसंगच टाळणं आणि तिथून निघून जाणं. त्यावरच्या चित्रफिती तिथल्याच हायस्कूलच्या मुलांनी लिहिल्या आणि बनवल्या. दारू, सिगारेट आणि गांजा या तिन्हींसाठीचा हा कार्यक्रम ३५ शाळांमध्ये तपासला गेला. त्याच्या तीन आवृत्त्या होत्या. एक मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या संस्कृतीवर बेतलेली, एक गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या, आणि एक दोन्हींतले धडे एकत्र केलेली मिश्र. मिश्र आवृत्तीही मेक्सिकन आवृत्तीइतकीच उपयोगी पडली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण प्रत्येक समाजाची मुलं वेगळी काढून बसवायची गरज नाही, हे त्यातून दिसतं. आपलं जगणं धड्यात कुठेतरी खरंखुरं दिसलं, की मुलं शेजारच्याचंही ऐकून घेतात.

आता संच टाकू नका असं का म्हटलं ते सांगते. न्यूयॉर्कला कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयातले गिल्बर्ट बॉटविन यांनी जीवनकौशल्यांचा कार्यक्रम आधी मुख्यतः गोऱ्या उपनगरी मुलांसाठी तयार केला होता. तोच भाषा-उदाहरणांच्या जुजबी बदलांसह त्यांनी शहरातल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) आणि कृष्णवर्णीय मुलांपुढे नेला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या ४७ शाळा होत्या आणि तिथेही सिगारेटचं प्रमाण कमी राहिलं. ‘सगळेच ओढतात’ हा मुलांचा गैरसमज दूर होणं, हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. हा गैरसमज सगळ्याच समाजांत असतो. म्हणून कार्यक्रमाचा सांगाडा तोच ठेवा. प्रसंग, माणसं आणि नकाराचे शब्द मात्र तुमच्या मुलांकडून घ्या.

त्यासाठी कार्यक्रमाआधी मुलांशी गटचर्चा करा. सहा-आठ मुलांचा गट पुरे. मुली आणि मुलगे वेगळे बसवा, आणि त्यांना गुण देणारी व्यक्ती खोलीत नको, म्हणजे तुम्हीसुद्धा नको. शाळेबाहेरचं, शक्यतो त्यांच्याच वस्तीतलं कुणी तरुण माणूस चर्चा चालवू दे. ‘तू ओढतोस का’ हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘शेवटचं कुणाला ओढताना पाहिलंस, कुठे, तेव्हा शेजारी कोण होतं’ एवढंच विचारायचं. शिवाय वर्गात एक मूल गेल्या वर्षी सीमेपलीकडून आलेलं असेल आणि दुसऱ्याचे आजोबाही ॲरिझोनातच जन्मलेले असतील. लॅटिनो मुलींमध्ये अमेरिकी राहणी अंगवळणी पडत जाते तसं सिगारेटचं प्रमाण वाढतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. घरी आईवडील एका जगात आणि मुलगी दुसऱ्या जगात अशी ओढाताण असते. त्या ओढाताणीवर एक पूर्ण तास ठेवा.

पालकांची पत्रं स्पॅनिशमध्ये जरूर काढा, पण त्यात काय मागताय ते आधी तपासा. सही केलेला संमतीचा कागद परत आला तरच मूल सामील, असा नियम ठेवला, तर ज्यांच्या घरी दोन पाळ्यांत काम चालतं किंवा ज्यांना सरकारी कागदावर नाव-पत्ता लिहायची धास्ती वाटते, त्यांची मुलं गळतात. नेमकी तीच मुलं तुम्हाला हवी असतात. पत्ता, जन्मस्थान असलं काहीही त्या कागदावर विचारू नका. आणि एका संध्याकाळी चर्चच्या सभागृहात पालकांना बोलावून तोंडी समजावून सांगा.

प्रश्न : नमस्कार. मी निवृत्त अभियंता, न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये शाळेनंतरच्या एका केंद्रात स्वयंसेवक म्हणून गणित शिकवतो. बहुतेक मुलं कृष्णवर्णीय, वय बारा ते पंधरा. काळवंडलेल्या फुप्फुसांची मोठी छायाचित्रं दाखवून त्यांना चांगलं घाबरवावं असा माझा विचार आहे. केंद्राच्या संचालिका मात्र म्हणतात, की आमची मुलं गोऱ्या मुलांपेक्षा कमी ओढतात, तेव्हा याची गरजच नाही. तुमचं मत?

उत्तर : संचालिकाबाईंची आकडेवारी बरोबर आहे, निष्कर्ष बरोबर नाही. कृष्णवर्णीय किशोरांमध्ये सिगारेटचं प्रमाण गोऱ्या किशोरांपेक्षा कमी असतं, हे १९८० च्या दशकापासून सातत्याने दिसतंय. घरची शिस्त, चर्च, आयांचा स्पष्ट विरोध ही त्यामागची बळं आहेत आणि तुमच्या कार्यक्रमाने ती उघडपणे मानली पाहिजेत. पण वय वाढतं तसा हा फरक मिटत जातो. या समाजात पुष्कळ जण शाळा सुटल्यावर, अठरा-वीसच्या पुढे सुरुवात करतात, आणि एकदा लागली की त्यांना ती सोडणं जड जातं. सातवीत एकदा दहा तास घेतले आणि संपलं, ही रचना गोऱ्या मुलांच्या वेळापत्रकावर बेतलेली आहे. तुमच्या मुलांना खरी गरज सोळाव्या, अठराव्या वर्षी आणि पहिली नोकरी लागते तेव्हा आहे. शाळेबाहेरच्या केंद्राचा मोठा फायदा हा, की तिथे मुलं पुढेही येत राहतात.

दुसरं म्हणजे नुसता ‘सिगारेट’ हा शब्द धरून बसू नका. तुमच्या भागातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्याजवळ बघा. फळांच्या वासाचे छोटे सिगार एकेक-दोन-दोन सुटे, डॉलरच्या आतबाहेर मिळतात. २००९ च्या केंद्रीय कायद्याने सुवासिक सिगारेटींवर बंदी आली, पण सिगार त्यातून सुटले आणि मेंथॉल, म्हणजे पुदिन्यासारख्या थंडाव्याच्या सिगारेटीही सुटल्या. आणि मेंथॉल हाच या समाजाच्या गळ्याला बसलेला फास आहे. १९५० च्या दशकात सिगारेट ओढणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोक मेंथॉल घेत. आज हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर आहे. हे आपोआप झालेलं नाही. कंपन्यांनी या वस्त्यांमध्ये जाहिराती, फुकट वाटप, संगीताच्या जलशांना पैसा, सवलतीचे दर असा अनेक दशकांचा खर्च केला. मेंथॉलने घशाला थंडावा वाटतो, पहिला झुरका खपून जातो आणि शिकाऊ मुलाला तेवढंच पुरतं. मॅसॅच्युसेट्सने २०२० मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२२ च्या अखेरीस राज्यात त्याची विक्री बंद केली. देशभर बंदी घालण्याचा प्रस्ताव एफडीएने, म्हणजे केंद्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, २०२२ मध्ये आणला होता. जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला.

आता फुप्फुसांच्या चित्रांबद्दल. ती दाखवलीत तर मुलं किंचाळतील, आणि दार ओलांडेपर्यंत विसरतील. तेरा वर्षांच्या मुलाला साठाव्या वर्षीचा आजार स्वतःचा वाटत नाही. शिवाय त्यातल्या कित्येकांनी घरात आजोबांना याच आजाराने गेलेलं पाहिलेलं असतं. त्या मुलासमोर ते चित्र भिंतीएवढं करून लावणं मला क्रूर वाटतं.

त्यापेक्षा त्यांना राग येऊ द्या. त्यांना अपटाउनची हकिगत सांगा. १९९० मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स ही कंपनी खास कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘अपटाउन’ नावाची मेंथॉल सिगारेट फिलाडेल्फियात आणणार होती. फिलाडेल्फिया तुमच्यापासून गाडीने दीड-दोन तासांवर. तिथले धर्मगुरू, डॉक्टर, कार्यकर्ते एकत्र आले. त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री लुई सलिव्हन, जे स्वतः कृष्णवर्णीय डॉक्टर होते, त्यांनी जाहीरपणे कंपनीवर टीका केली, आणि बाजारात येण्याआधीच ती सिगारेट गुंडाळली गेली. ही गोष्ट सांगितल्यावर मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘आमच्यासाठी वेगळी का काढली?’ कार्यक्रम खरा तिथून सुरू होतो.

मग त्यांना वह्या द्या आणि मोठ्या माणसाबरोबर केंद्राभोवतीच्या रस्त्यांवर फिरवा. कुठल्या दुकानावर किती जाहिराती, त्या लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर आहेत का, सुट्या सिगारची किंमत काय लिहिली आहे, शाळेच्या फाटकापासून अंतर किती. विकत काहीही घ्यायचं नाही, फक्त नोंदी करायच्या. तुम्ही गणित शिकवता, त्या नोंदींचे आलेख त्यांच्याकडूनच काढून घ्या. उपनगरातल्या एखाद्या रस्त्याच्या नोंदी शेजारी ठेवता आल्या तर फारच उत्तम. ते आलेख घेऊन मुलं नगर परिषदेपुढे उभी राहिली, तर त्या दिवसाचं महत्त्व दहा व्याख्यानांहून जास्त. फ्लोरिडाने १९९८ मध्ये कंपन्यांचे डावपेच उघडे करणारी मोहीम किशोरांनाच हाताशी धरून चालवली. दोन वर्षांत तिथल्या माध्यमिक शाळांतलं सिगारेटचं प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर आणि हायस्कूलांतलं २७.४ वरून २२.६ वर आलं.

एक विनंती मात्र कळकळीने करते. केंद्रात एखाद्याकडे व्हेप सापडलं तर त्याला काढून टाकू नका आणि शाळेला कळवू नका. अमेरिकी शाळांमध्ये निलंबनाची शिक्षा कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला प्रमाणाबाहेर येते, हे सरकारी आकडेवारीच दाखवते. निलंबित मूल दिवसभर कुठे असतं आणि कुणाबरोबर असतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला तसंच बसवून घ्या आणि सोडायला मदत करणाऱ्या माणसाशी गाठ घालून द्या.

प्रश्न : मी मिनेसोटात सार्वजनिक आरोग्य विषयात एम.पी.एच. करते आहे. माझा प्रकल्प आदिवासी अमेरिकन मुलांच्या शाळेत आहे. ‘तंबाखू हे विष आहे’ असा फलक मी करून नेला, तेव्हा तिथल्या एका वृद्ध बाईंनी तो शांतपणे उतरवून ठेवला. मी काय करू?

उत्तर : त्या बाईंकडे परत जा आणि त्यांच्यापाशी बसा. तुझ्या प्रकल्पातल्या खऱ्या मार्गदर्शक त्याच आहेत.

तिथल्या अनेक जमातींमध्ये तंबाखू पवित्र आहे. प्रार्थनेच्या वेळी ती जमिनीवर ठेवतात, पाण्याला अर्पण करतात, वडीलधाऱ्यांकडे काही मागायला जाताना चिमूटभर पुढे ठेवतात. जाळली तरी पुष्कळदा धूर छातीत ओढत नाहीत. काही ठिकाणी तर विधीत वापरतात ती झुडपाची अंतर्साल असते, बाजारातली तंबाखू नसतेच. त्या मुलाला ‘तंबाखू विष आहे’ असं सांगणं म्हणजे तुझी आजी चुकते आहे असं सांगणं. आणि हेही त्यांच्या इतिहासात आहे, की त्यांच्या विधींवर या देशात दीर्घकाळ निर्बंध होते. धर्माचरणाच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला तो १९७८ मध्ये. बाहेरच्या माणसाने येऊन ‘हे वाईट, सोडा’ म्हणणं त्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकलंय.

पण अमेरिकेतल्या सगळ्या समाजांत सिगारेटचं प्रमाण सर्वांत जास्त याच समाजात आहे. तेव्हा गप्प बसूनही चालणार नाही. जमातींनी स्वतःच उभारलेल्या कार्यक्रमांची वाट अशी, की पवित्र तंबाखूचं पावित्र्य राखा आणि दुकानातल्या पाकिटाला तिची जागा घेऊ देऊ नका. मुलांना विधीची तंबाखू लावायला, वाढवायला, वाळवायला वडीलधारी माणसं शिकवतात. ज्याने ती हाताने वाळवली आहे, त्याला पाकिटातली सिगारेट पोकळ वाटायला लागते. हा संदेश तू देऊ नकोस, त्या बाईंना देऊ दे. तू खुर्च्या मांड, नोंदी ठेव.

एक गोष्ट प्रकल्पाच्या अहवालासाठी. स्टीव्हन शिंकी यांच्या गटाने २००० साली मैदानी प्रदेशातल्या आदिवासी मुलांसोबतच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष दिले. दोन्ही संस्कृतींत वावरायची कौशल्यं तिथे मुलांना शिकवली होती. चघळायची तंबाखू, दारू आणि गांजा यांचं प्रमाण कमी राहिलं, सिगारेटचं मात्र बदललं नाही. तुझ्या मार्गदर्शकांनी झटपट आकडा मागितला, तर हा अभ्यास त्यांच्यापुढे ठेव. आणि ‘आदिवासी’ असा एकच रकाना करू नकोस. उत्तरेकडच्या मैदानात आणि अलास्कात प्रमाण खूप जास्त, नैर्ऋत्येकडे बरंच कमी, हे सर्जन जनरल, म्हणजे देशाचे प्रमुख सरकारी डॉक्टर, यांच्या १९९८ च्या अहवालातही नोंदलेलं आहे.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहते. शाळेच्या पत्रकात ‘एशियन’ मुलांचं सिगारेटचं प्रमाण सगळ्यांत कमी दाखवलंय. आमच्या मंडळातल्या मुलांसाठी असा कार्यक्रम घ्यावा असं मी सुचवलं तर सगळे म्हणाले, आपली मुलं त्यातली नाहीत. आग्रह धरू का?

उत्तर : धरा. ‘एशियन’ या एका रकान्यात व्हिएतनामी, कोरियन, चिनी, फिलिपिनो आणि आपण सगळे कोंबलेले असतो. त्यांची सरासरी आपल्या एकाही घराबद्दल काही सांगत नाही. आणि त्या पत्रकात फक्त सिगारेट विचारली असेल, तर व्हेप, हुक्का आणि किराणा दुकानातून मिळणाऱ्या आपल्याकडच्या पुड्या त्यात आल्याच नाहीत.

१९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या शहरी किशोरांची एक पाहणी झाली होती. त्यातल्या ४० टक्के मुलांनी कधी ना कधी बिडी ओढलेली होती. हो, आपली तेंदूच्या पानाची बिडी. चॉकलेट, आंबा, स्ट्रॉबेरी अशा वासांत ती इथे विकली जायची आणि ‘नैसर्गिक’ म्हणून मुलांना ती निरुपद्रवी वाटायची. प्रत्यक्षात तिच्या धुरात निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा जास्त निघतं. पुढे २०१४ मध्ये एफडीएने आपला नवा अधिकार वापरून ज्या तंबाखू उत्पादनांची विक्री पहिल्यांदा थांबवली, त्याही बिड्याच होत्या. म्हणजे आपल्या ओळखीच्या वस्तूने दुसऱ्यांची मुलंही ओढली गेली आहेत. ‘आपली मुलं त्यातली नाहीत’ असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

कार्यक्रमात मात्र एक प्रसंग हमखास ठेवा. सुट्टीत भारतातून आजोबा येतात, बाल्कनीत बसून तंबाखू मळतात आणि बारा वर्षांची नात विचारते, ‘आजोबा खातात, मग मला का नाही?’ आपल्याकडे या प्रश्नावर मुलाला गप्प करतात. ज्या आजोबांना मनापासून सोडायची होती आणि सुटली नाही, त्यांनीच मुलांसमोर बसून ते सांगितलं, तर मुलं कान देऊन ऐकतात. असे आजोबा मंडळात निघतील, विचारून बघा.

प्रश्न : शिकागोत एका छोट्या संस्थेत काम करतो. अनुदान देणारे परिणामांचे आकडे मागतात. आम्ही कार्यक्रमाआधी आणि नंतर हात वर करायला लावून मोजतो. चालेल?

उत्तर : हात वर करायला लावणं आजच थांबवा. मित्रांसमोर वर झालेला हात काहीच मोजत नाही. उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठीवर नाव नको, मुलाने स्वतः बनवलेला संकेतांक हवा. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र परवडलं तर घ्या. आपला श्वास तपासला जाणार हे माहीत असलं, की मुलं चिठ्ठीवरही जास्त खरं लिहितात. व्हेप त्या यंत्रात दिसत नाही, हे अनुदान देणाऱ्यांना आधीच सांगून टाका.

तुलनेसाठी दुसरी शाळा हवीच, नाहीतर आकडे फसवतात. देशभर हायस्कूलमधल्या सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण १९९७ मध्ये ३६.४ टक्के होतं, २०१९ मध्ये ६ टक्के. या काळात कुणीही काहीही न करता ‘आधी-नंतर’ मोजलं असतं, तरी यशच दिसलं असतं. आणि त्याच २०१९ मध्ये ३२.७ टक्के मुलं ई-सिगारेट ओढत होती. उलट वॉशिंग्टन राज्यात ४० शालेय जिल्ह्यांमधल्या आठ हजारांवर मुलांचा अभ्यास झाला. निम्म्या जिल्ह्यांत तिसरीपासून बारावीपर्यंत कार्यक्रम राबवून, उरलेल्या जिल्ह्यांशी ताडून पाहिलं, तेव्हा काहीच फरक निघाला नाही. २००० साली तो निष्कर्ष जसाच्या तसा छापला गेला. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

शेवटच्या मोजणीच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांना शोधून काढा. शाळा सोडलेली, पत्ता बदललेली, निलंबित झालेली मुलं मोजणीतून निसटतात आणि तुमचा आकडा उगाच सुंदर दिसतो. निदान दोन वर्षं पाठपुरावा करा. आठवीत आणि नववीत उजळणीचे तास घ्या, आणि त्यांचे पैसे पहिल्याच वर्षाच्या अर्जात मागून ठेवा. नंतर मागायला गेलात तर मिळत नाहीत.